जुन्या छपरांचा राडारोडा : खर्च कोणाचा, धोका कोणाचा?

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



विकासाचा विचार करताना आपण सामान्यत: काय उभारले गेले याची मोजदाद करतो. किती घरे बांधली, किती शाळांना पक्के छप्पर मिळाले, याचे आकडे आपल्याला पाठ असतात. परंतु प्रत्येक नव्या छपरामागे एक जुने छप्पर उतरवलेले असते. त्या उतरवलेल्या छपराचे पुढे काय होते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्यातही ज्याला आपण बोलीभाषेत ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतो, त्या अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्याचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे.

समस्येचे स्वरूप

या पत्र्यात सिमेंटबरोबर साधारणत: आठ ते दहा टक्के पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, असते. पत्रा शाबूत असेपर्यंत त्यातील तंतू सिमेंटमध्ये जखडलेले राहतात. पत्रा फोडला, करवतीने कापला किंवा वरून फेकला की हे सूक्ष्म तंतू हवेत मिसळतात आणि श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जातात. अ‍ॅस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे त्याचे परिणाम होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने क्रायसोटाइलसह सर्व प्रकारचे अ‍ॅस्बेस्टॉस मानवी कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे.

देशात असे पत्रे किती आहेत? २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १६ टक्के कुटुंबांच्या घरांवर लोखंडी, अन्य धातूचे किंवा अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे होते. मात्र जनगणनेत हे तिन्ही प्रकार एकाच वर्गात मोजले गेले. त्यामुळे केवळ अ‍ॅस्बेस्टॉसचा साठा किती, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. ज्याची स्वतंत्र गणना नाही, त्याच्या विल्हेवाटीसाठी तरतूदही होत नाही.

बाजारपेठ का अपुरी पडते?

अर्थशास्त्राच्या परिभाषेत हे नकारात्मक बाह्यतेचे उदाहरण आहे. घरमालकाला पत्रे लवकर व स्वस्तात उतरवून हवे असतात. मुकादम नाक्यावरून दोन-चार मजूर आणतो. हातोड्याने पत्रा फोडून खाली टाकणे हा सर्वांत जलद मार्ग असतो. या व्यवहारात मालकाची बचत होते, परंतु धुळीची किंमत मजूर आणि शेजारी मोजतात. मजुराला धोक्याची माहिती नसल्याने तो जादा मजुरीही मागत नाही. अशा रीतीने बाह्यतेला माहितीच्या विषमतेची जोड मिळते.

तिसरा घटक काळाचा आहे. हे आजार प्रकट होण्यास बहुधा वीस ते चाळीस वर्षे लागतात. तीस वर्षांनंतर येणाऱ्या एक लाख रुपयांच्या उपचारखर्चाचे वर्तमान मूल्य आठ टक्के वटाव दराने दहा हजार रुपयांहूनही कमी भरते. केवळ या हिशेबावर धोरण ठरवले, तर सावधगिरी नेहमीच महाग वाटेल. म्हणूनच जिथे हानी अपरिवर्तनीय असते आणि ती दुसऱ्याला भोगावी लागते, तिथे वटावाच्या गणिताबरोबर न्यायाचा निकषही लावावा लागतो.

कायद्याची चौकट

न्यायाचा हा निकष आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात मांडला. कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले आणि अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर असेल तोपर्यंत जतन करण्याचा आदेश दिला. तथापि हे संरक्षण कारखान्याच्या कामगाराला डोळ्यांसमोर ठेवून आहे. छप्पर उतरवणाऱ्या मजुराची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नसते.

१९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याची मर्यादा किमान दहा कामगारांची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही दहापेक्षा कमी कामगारांचे बांधकाम वगळलेले आहे. एका घराचे छप्पर चार माणसे उतरवतात.

राडारोड्याबाबतही तेच दिसते. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांच्या व्याख्येत दुरुस्तीचा कचरा समाविष्ट होता, परंतु वर्गीकरणाची विशेष जबाबदारी दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टनांहून अधिक कचरा करणाऱ्यांवर होती. २०२५ मध्ये अधिसूचित आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू करावयाच्या नव्या नियमांतील विस्तारित उत्पादक जबाबदारीचा भर २० हजार चौरस मीटर वा अधिक बांधकामाच्या प्रकल्पांवर आहे. मोठ्या प्रकल्पाचा कचरा नियमाच्या कक्षेत येतो. विखुरलेल्या छोट्या घरांचा बव्हंशी निसटतो.

येथे एका प्रसंगाचे स्मरण उपयुक्त ठरेल. अ‍ॅस्बेस्टॉस असलेले ‘क्लेमेन्सो’ हे फ्रेंच युद्धनौकेचे धूड अलंगला तोडणीसाठी निघाले असता मोठा वाद झाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सने ते परत बोलावले. एका जहाजातील अ‍ॅस्बेस्टॉसची राष्ट्रीय चर्चा झाली. घराघरांवरील पत्र्यांची मात्र होत नाही.

सुरक्षित पद्धत

सुरक्षित पद्धत अवघड नाही. पत्रा उतरवण्यापूर्वी पाण्याने हलकेच भिजवावा. बोल्ट सोडवून तो अखंड काढावा व दोराने खाली घ्यावा. यांत्रिक करवत वापरू नये. जुना पत्रा ठिसूळ असल्याने मजुराने थेट त्यावर पाय न ठेवता आडव्या फळ्यांवरून वावरावे. पत्रा तुटून खाली पडणे हा तर तात्काळ मृत्यूचा धोका आहे. तंतू रोखणारा मुखपट वापरावा, साधा रुमाल पुरेसा नाही. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून त्यावर सूचना लिहावी. जागा कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत. अशा कचऱ्याच्या विल्हेवाटीविषयी भारतीय मानक ११७६८ हे १९८६ पासून उपलब्ध आहे.

हे तुकडे विटा-काँक्रीटच्या राडारोड्यात मिसळू नयेत, हे विशेष महत्त्वाचे. दिल्लीत बुराडी येथे २००९ मध्ये सुरू झालेल्या केंद्रानंतर अनेक शहरांत राडारोड्यापासून खडी व वाळू बनवली जाते. पत्र्याचे तुकडे भरडयंत्रात गेले तर पुनर्वापराचा चांगला उपक्रमच तंतू पसरवण्याचे साधन ठरेल.

धोरणाची दिशा

विल्हेवाटीच्या वेळी शुल्क आकारणे हा सरळ उपाय वाटतो, परंतु त्याने रात्री नाल्याकाठी पत्रे टाकण्यास उत्तेजन मिळते. त्यापेक्षा विक्रीच्या वेळीच अनामत घेऊन पत्रा अखंड परत केल्यावर ती परत करणे अधिक परिणामकारक आहे. आज छपरांवर असलेल्या पत्र्यांसाठी मात्र अशी अनामत कोणी भरलेली नाही. त्यांच्या संकलनाचा भार उत्पादक आणि शासन यांनी वाटून घ्यावा लागेल. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व येथे गरीब घरमालकाला लावणे अन्यायाचे होईल, कारण त्याने परवडणारे छप्पर घेतले, धोका निवडला नाही.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणसारख्या कार्यक्रमांत जुने छप्पर सुरक्षित उतरवण्याची रक्कम अनुदानातच धरता येईल. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य छपरे उडवली. अशा आपत्तीनंतर नुकसानभरपाईबरोबरच फुटके पत्रे गोळा करण्याची व्यवस्थाही मदतकार्याचा भाग असावी. पोलंडने २०३२ पर्यंत देशातील अ‍ॅस्बेस्टॉस हटवण्याचा कार्यक्रम आखला आहे. साठ्याची गणना आणि मुदत ही त्याची दोन अंगे आपल्यालाही अभ्यासण्यासारखी आहेत.

आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींसाठी नवे पट्टे देणे १९८६ मध्ये थांबले, तरी आयात व वापर सुरू राहिला. म्हणजे उद्याचा राडारोडा आजही छपरांवर चढत आहे. आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जाल. कोणत्याही योजनेचा खर्च तपासताना एक रकाना अवश्य पाहा : जे काढून टाकले, ते कोणाच्या हातांनी काढले आणि त्या हातांच्या सुरक्षिततेसाठी किती तरतूद केली? तो रकाना कोरा असेल, तर त्या छपराची किंमत एखादा नाका कामगार तीस वर्षांनी आपल्या श्वासाने चुकवत असेल.