तोंडी शब्द आणि कागद

कोविडच्या काळात पुण्या-बंगळुरूहून बेळगाव, खानापूर, निपाणीला परतलेली आपली पोरं माडीवर बसून कंपनीचं काम करू लागली. कुणी आईचं औषधपाणी सांभाळलं, कुणी मुलं इथल्याच शाळेत घातली. मग टीसीएसने ऑक्टोबर 2023 पासून आठवड्याचे पाच दिवस ऑफिसला या म्हणून सांगितलं. इतर कंपन्यांचीही बोलावणी आली. पोरं म्हणतात, साहेब तर म्हणाले होते घरूनच करा. म्हणाले होते, पण कागदावर कुठे आहे? बाबांनो, कागद घ्या.

आपल्याकडे घरून काम नवं नाही. निपाणीत बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळतात. 1966 च्या कायद्याने त्यांनाही कामगार मानलं. सहा महिने काम केलेल्या बाईला सबळ कारणाशिवाय आणि महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार दिल्याशिवाय काढता येत नव्हतं. घरी बसून वळणारी आमची कामगार कशी, असा वाद मालकांनी घातला. 1985 मध्ये पीएफच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने उत्तर दिलं: विडी नापसंत करून परत करण्याचा हक्क तुमचा, तर बाईही तुमचीच कामगार. पण तिची नोंद हवी ना!

डेअरीला दूध घालताना पुस्तकात लिटर, फॅट लिहून घेतल्याशिवाय आपण माघारी फिरतो का? म्हैस आपली, गोठा आपला, लिहिणारा भावकीतला, तरी पुस्तक पुढे करतोच. एका सकाळची नोंद राहिली तर त्या दुधाचे पैसे मागायचे कशावर? कंपनीचं काम घरून करतानाही घर आपलं, वीज आपली. मग ठरलेलं लिहून का घेत नाही?

घरून कामाचा सरसकट हक्क कायद्यात नाही. बाळंतपणाच्या रजेनंतरची तरतूद 2017 मध्ये आली, तीही मालकाशी ठरेल तशी. म्हणजे पुन्हा कागद आलाच. चालत आलेली सवलत काढायची तर कामगाराला 21 दिवस आधी नोटीस लागते. पण इंजिनिअरला कामगार धरायचं का, यावरच वाद. त्यात 21 नोव्हेंबर 2025 पासून विडीचा जुना कायदाही नव्या कामगार संहितेत गेला.

मुलांनो, साहेब फोनवर जे बोलतील ते त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा आणि उत्तर मागा. नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण काय लिहिलंय, ते आज रात्रीच वाचा. आणि विडी वळणाऱ्या मावशींनो, या महिन्याच्या नोंदी राहिल्या असतील, तर उद्या पान-तंबाखू घ्यायला जाताना त्या आधी लिहून घ्या.