कंटाळा आल्यानंतरचं काम



बायबलमध्ये, पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात, सहाव्या अध्यायात, एक आर्जव आहे. भलं करताना थकून हात आखडू नका, पीक आपल्या वेळेला येईल, अशा अर्थाचं. आमच्या मंडळीत हे वचन मी लहानपणापासून ऐकत आले. पौलाने ते कोणा एका वीराला लिहिलेलं नाही. आपसांत भांडणाऱ्या साध्या माणसांच्या मंडळ्यांना लिहिलंय. माणूस थकणार, हे त्यात धरलेलंच आहे. मला याचा फार आधार वाटतो. दुसऱ्यासाठी राबणाऱ्याला कंटाळा येतो, राग येतो, ‘मीच का?’ असं वाटतं. तेवढ्याने तो वाईट ठरत नाही. पण मग पुढे काय करायचं? त्यासाठी मी पंडिता रमाबाईंकडे बघते.

शाळेच्या धड्यात आपल्याला त्यांची विद्वत्ता भेटते. कलकत्त्यात मिळालेल्या पदव्या, १८८२ मधली हंटर शिक्षण आयोगापुढची साक्ष. हे सगळं पंचविशीच्या आतलं. मला सांगायचंय ते पुढच्या जवळजवळ चाळीस वर्षांचं.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात हलवलं. १८९३ मध्ये वादळ उठलं. सदनातल्या मुलींना ख्रिस्ती केलं जातं, असा आरोप झाला. वर्तमानपत्रांनी झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सुधारक हितचिंतकांनीही अंग काढून घेतलं. पालकांची भीती मला समजते. त्या वादावर अभ्यासक आजही दोन्ही बाजूंनी लिहितात. सदन मात्र बंद पडलं नाही.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती. रमाबाईंना भूक नुसती ऐकून ठाऊक नव्हती. १८७४ च्या सुमारास, ऐन तरुणपणात, दुष्काळातल्या भटकंतीत त्यांचे आईवडील आणि मागोमाग थोरली बहीण गेली होती. म्हणून त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, एवढ्या जणींना तिथे ठेवता येईना. तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेतलेल्या जमिनीवर तात्पुरते निवारे उभे राहिले. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तिथल्या मुली आल्या, आणि वस्ती २,००० च्या घरात गेली.

इथे जरा थांबूया. दोन हजार जणींना सकाळी जेवायला लागतं आणि संध्याकाळी पुन्हा लागतं. कुणी आजारी, कुणी भेदरलेली, कुणाला घरची आठवण. मी नर्स म्हणून आयुष्यभर वॉर्डात काम केलं, म्हणून सांगते: पेशंट दाखल होतो त्या दिवशी सगळ्यांचं मन भरून येतं. रात्रपाळीत त्याच पेशंटची चादर तिसऱ्यांदा बदलताना भरून येत नाही. तेव्हा हात चालू राहतात ते सवयीने, आणि शेजारी दुसरी सिस्टर उभी असते म्हणून.

केडगावात रमाबाईंनी हेच उभं केलं. विहिरी, शेती, गाईगुरं, हातमाग, शिवणकाम, छापखाना. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. काल उपाशी आलेली मुलगी वर्षा-दोन वर्षांत दुसरीला शिकवू लागे. माझ्या मते काम टिकलं ते या मांडणीमुळे. रमाबाईंना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, प्रार्थनेमुळे. मला या दोन उत्तरांत भांडण दिसत नाही. उद्याची भाकर देव देईल, असा त्यांचा भरवसा होता आणि विहीरही त्यांनी खणून घेतली होती.

या सगळ्या धबडग्यात त्यांनी आणखी एक काम हाती घेतलं: हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर. खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत. त्याला १५ वर्षांहून अधिक काळ लागला. सदनातल्या बायकांनीच खिळे जुळवले. रमाबाईंची ऐकण्याची शक्ती मंदावली होती. १९२१ च्या जुलैमध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. मुक्ती सदनाचं काम पुढे तीच सांभाळणार होती. तरी आईने प्रुफं तपासणं सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ लोकांच्या हाती आला तो त्यानंतर.

आता तुम्हा विद्यार्थ्यांकडे येते. तुमच्या अहवालात मी वाचलं, की तुमच्यापैकी काही जण ऊसतोड कामगारांच्या मुलांना संध्याकाळी त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाऊन शिकवतात. तुमच्यातली एक मुलगी मघाशी मला म्हणाली, “मॅडम, मूल अक्षरं जुळवायला लागतं आणि गाळप संपतं. बैलगाडी निघून जाते. पुढच्या वर्षी तेच मूल येईल याची खात्री नाही.” तिच्या आवाजात थकवा होता. बाळा, हे मूल पुढे काय शिकेल हे बहुतेक तुला कधीच कळणार नाही. तुझं काम त्यामुळे वाया गेलं, असं मी कोणालाही म्हणू देणार नाही. पण तू एकटीने ओढू नकोस.

म्हणून शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. परीक्षेच्या धांदलीआधी पहिल्या वर्षाच्या दोघांना सोबत घेऊन कोप्यांवर जा. कोणाला कुठपर्यंत वाचता येतं, कोण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसतं, कोणाची आई पहाटे फडावर जाते, हे सगळं एका वहीत लिहून त्या दोघांच्या हवाली करा. मूल गाव सोडेल तेव्हा त्याच्या तिकडच्या शाळेतल्या गुरुजींसाठी चार ओळींची चिठ्ठी द्या. यंदाच्या वह्या-पेन्सिलींचा खर्च मी देते, पुढच्या हंगामाचा तुम्ही आत्तापासून जमवायला लागा.