ओढा उतरेपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी सोमाटणे, रसायनी करत आपट्याला थांबते, तेव्हा हल्ली दोन-चार तरुण मुलंमुली हमखास खाली उतरतात. त्यांना आपट्यात काही काम नसतं. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या १९९५ सालच्या सिनेमाचा शेवट, म्हणजे ती धावती गाडी, तो पुढे केलेला हात, आपटा स्टेशनात चित्रित झाला. तिथे उभं राहून फोटो काढायचा आणि परतीची गाडी पकडायची, एवढाच त्यांचा कार्यक्रम. परतीची गाडी लवकर नसते हे त्यांना उतरल्यावर कळतं.

मी मूळचा याच भागातला. त्या सिनेमाशी माझा संबंध आला तो थेट स्वित्झर्लंडमध्ये. लेक आणि जावई तिकडे नोकरीला असताना आम्ही उभयता महिनाभर गेलो होतो. जावईबापूंनी मोठ्या हौसेने सानेन नावाच्या गावी नेलं आणि एका छोट्याशा लाकडी पुलावर उभं केलं. "बाबा, ओळखा पाहू!" मला काही ओळखू येईना. मग कळलं, त्याच सिनेमातला हा पूल. आपल्याकडची माणसं फोटोसाठी इथेही येतात. एका सिनेमाचं एक टोक आल्प्सच्या दरीत आणि दुसरं पाताळगंगेच्या काठी, माझ्या मावशीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर! त्या पुलावर उभा राहून मला आठवला तो मात्र आमचा एक ओढा. त्याची गोष्ट सांगायची आहे. आधी तिकडचं थोडं सांगतो.

आल्प्समध्ये मायरिंगेन गावाजवळ आरे नदीची घळ आहे. घळ म्हटलं की आपल्याला शिवथरघळ आठवते. ही तशी गुहा नव्हे. नदीने हजारो वर्षं खडक कापून केलेली ही फट आहे. लांबी सुमारे १,४०० मीटर, कडे काही ठिकाणी २०० मीटर उंच, आणि रुंदी? एका जागी जेमतेम एक मीटर. दोन्ही हात पसरले तर दोन्ही कडे हाताला लागतील. खाली हिमनदीचं राखाडी-हिरवं पाणी घोंघावत असतं. आणि या घळीतून माझ्यासारखा सत्तरीला आलेला माणूस छत्री टेकत आरामात चालत जातो, कारण १८८८ पासून तिथे कड्याला खिळवलेली फळ्यांची वाट आणि कठडा आहे. तिकीट काढायचं, आत शिरायचं. हिवाळ्यात घळ बंद.

त्या डोंगरांत वाटोवाट पिवळ्या पाट्या असतात. पुढचं गाव किती किलोमीटर हे त्या सांगत नाहीत, किती वेळ लागेल ते सांगतात. मला ते फार आपलं वाटलं. आमच्याकडचा ठाकूरही अंतर असंच सांगतो, "दोन बिड्या होतील एवढी वाट." नदीकाठी मात्र दुसरी एक पाटी दिसली. चित्रात एक माणूस लाटेपासून पळतो आहे. लेकीने अर्थ सांगितला : वर वीजनिर्मितीचं धरण आहे, आकाश निरभ्र असलं तरी पाणी अचानक वाढू शकतं, पात्रात उतरू नका.

हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. आमची पाताळगंगा तशीच आहे. सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या होळीपर्यंत आटतात, पाताळगंगा वाहती राहते. कारण टाटांचं खोपोलीचं वीजघर. १९१५ पासून लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटाखाली उतरवून तिथे वीज केली जाते आणि वापरलेलं पाणी पाताळगंगेत सोडलं जातं. पूर्वेला जाणारं पाणी अडवून आपण पश्चिमेला पाडलं. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करायला जाता ना, तेही भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यावरच. म्हणजे नदीचं पाणी वरचा माणूस ठरवतो, आणि खालच्याने ते ओळखायला शिकायचं.

आता ओढ्याकडे येतो.

ही १९७८च्या जुलैतली गोष्ट आहे. आम्ही कॉलेजातली सहा मुलं. कर्नाळ्याचा किल्ला म्हणजे आमच्या परसातला. महामार्गाच्या बाजूने वर जायचं, तो प्रसिद्ध अंगठा, त्यावरची आग्या मधमाश्यांची पोळी खालूनच बघायची आणि उतरायचं, हे आम्ही अनेकदा केलं होतं. त्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात आलं की पूर्वेच्या अंगाने थेट आपट्याकडे उतरू. तो 'कुणीतरी' मीच होतो. मावशीकडे गरम भात खाऊ आणि संध्याकाळची गाडी पकडू. तेव्हा आपटा म्हणजे रेल्वेचं शेवटचं टोक. दिव्याहून निघालेला रूळ इथवर येऊन संपायचा. पुढे रोह्यापर्यंत गाडी गेली ती १९८६ साली. संध्याकाळची गाडी चुकली की थेट सकाळची.

वाट अशी नव्हतीच. एका नाळेतून, दगडांवर बसून घसरत उतरलो. दोन्ही बाजूंना भिंतीसारखे कडे, मधे पाण्याची धार, वरून धबाबा पाऊस. आमचा आनंद गगनात मावत नव्हता. खाली सपाटीला आलो तर समोर ओढा. पलीकडे शेतं, त्यापुढे आपट्याची झाडी. अलीकडे ठाकरांची पाच-सहा खोपटी.

मावशी आम्हाला लहानपणापासून सांगायची, पाण्याचा रंग बघावा. पाणी स्वच्छ असेल तर पाय घालावा, चहासारखं झालं तर थांबावं, आणि पानं-काटक्या वाहत आल्या तर काठावरूनही मागे सरावं. त्या दिवशी पाणी चहाच्याही पलीकडचं होतं आणि तळातून दगड गडगडत असल्याचा आवाज येत होता. हे मी ऐकलं होतं, पाहत होतो, आणि तरीही घड्याळाकडे बघत होतो.

खोपटाच्या ओटीवरून एका म्हाताऱ्याने हाक मारली. "बसा रे पोरांनो. पाणी येडं झालंय. उतरंल."

"बाबा, गाडी जाईल आमची."

"गाडी उद्याबी येईल."

आम्ही हसलो. एकमेकांची मनगटं धरून साखळी केली. पुढे माझा एक मित्र होता. नाव सांगत नाही, आता तो आजोबा झाला आहे. त्याच्यामागे मी. पाणी गुडघ्याच्या थोडं वर, एवढंच. पण उतारावरच्या पाण्याला खोली लागत नाही, वेग पुरतो. त्याच्या पायाखालचा दगड फिरला. त्याचा हात माझ्या हातात होता आणि मग नव्हता. किती वेळ लागला विचाराल तर तुमचं एक वाक्य ऐकायला लागतो तेवढा.

तो वाहत गेला ते खालच्या वळणावरच्या जांभळाच्या मुळांत अडकला. म्हातारा आणि त्याचा मुलगा आमच्या आधी तिथे पोचले होते. म्हणजे ते आधीच निघाले होते. हे असंच होणार हे त्यांना ठाऊक होतं. बैलाचं दावं टाकून त्यांनी त्याला ओढून काढला. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं, कपाळ फुटलं होतं, पण शुद्धीवर होता. खोपटात चुलीशी निजवला. म्हातारीने हळद भरली. कुणी आम्हाला बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

अडीच तासांनी पाऊस थांबला आणि आम्ही तोच ओढा ओलांडला, तेव्हा पाणी घोट्याला लागत होतं.

पुढे भूगोल शिकवायची वेळ आली तेव्हा मी हे गणित मुलांना फळ्यावर काढून दाखवत असे. उभा उतार, खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर. पडलेला पाऊस मुरत नाही, सगळा एकदम ओढ्यात येतो. ओढ्याची लांबी कमी, म्हणून तो जितक्या झटकन चढतो तितक्याच झटकन उतरतो. फळ्यावर ते फार सोपं दिसतं.

त्या अडीच तासांत म्हाताऱ्याने एक गोष्ट सांगितली. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि ओढा भरलेला होता. झोळी तयार, चार माणसं तयार, आणि सगळे रात्रभर याच काठावर बसलेले. "थांबायचं आमाला कळतं," तो म्हणाला, "पन दुखनं थांबत नाय." सून वाचली, एवढंच तो म्हणाला. पुढचं आम्ही विचारलं नाही.

कोकणात साकव हा शब्द कुणालाही नवा नाही. दोन माडाचे किंवा पोफळीचे ओंडके आडवे टाकायचे, धरायला बांबू बांधायचा, पावसाळ्यात वाहून गेला तर पुन्हा घालायचा. आता सरकारी कागदांतही साकव असतो, सिमेंटचा. ट्रिफ्ट नावाच्या हिमनदीजवळ स्विस लोकांनी २००४ साली असाच एक साकव टाकला, पण केवढा लांब आणि केवढ्या उंचावर! हिमनदी वितळून मागे हटली, गिर्यारोहकांची बर्फावरची वाट गेली, म्हणून नेपाळी दोरपुलाच्या धर्तीवर पूल बांधला. माणसं पूल बघायलाच इतकी येऊ लागली, की २००९ साली त्याच्या जागी १७० मीटर लांब आणि १०० मीटर उंचावरचा, जास्त भक्कम पूल नव्याने बांधावा लागला. मी गेलो नाही. लेक जाऊन आली.

पूल बघायला गर्दी आपणही करतो. १५ जून २०२५ला, रविवारी, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जण गेले. तो धोकादायक असल्याचं आधीच जाहीर झालं होतं. महाडजवळ सावित्रीचा १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री गेला, तेव्हा मात्र कुणी मौजेला आलं नव्हतं. दोन एसटी गाड्या घरच्या-कामाच्या माणसांनी भरलेल्या होत्या. जवळच्या गॅरेजातल्या एकाने अंधारात रस्त्यावर उभं राहून मागच्या गाड्या थांबवल्या. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. महामार्गाचा पूल होता म्हणून. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा वर जायला गाडीरस्ताच नव्हता. मदतीची माणसं पावसात पायी चढली, यंत्रं वर नेता आली नाहीत. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली. मोठ्या पुलाची बातमी होते. वाडीच्या वाटेची बातमी व्हायला एवढं घडावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात मी त्या ओढ्यावर पुन्हा गेलो. बरोबर तोच मित्र होता. त्याचा तो खांदा अजून पावसाळ्यात दुखतो. खोपटांच्या जागी पक्की घरं आहेत. ओढ्यावर सिमेंटचा साकव आहे, पाइपचा कठडाही आहे. पण वाडीच्या बाजूचा मातीचा भराव पावसाने खाल्ला आहे, त्यामुळे साकवावरून उतरून पुन्हा पाण्यात पाय घालावा लागतो. मोटरसायकली पलीकडेच उभ्या करून ठेवतात.

म्हातारा कधीच गेला. त्याच्या पणतीएवढी एक मुलगी दप्तर घेऊन आली. मी विचारलं, "पावसाळ्यात शाळेत कशी जातेस गं?" तिने भरावाच्या तोंडाशी असलेला एक दगड दाखवला. त्याला पांढरा रंग दिलेला होता.

"हा दिसला तर शाळा," ती म्हणाली. "नाय दिसला तर नाय."