विद्यार्थ्यांनी केलेले चलच्चित्र
(दिग्रस तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



आमच्या शाळेतील तिसरी-चौथीच्या २२ मुलांनी गेल्या पावसाळ्यात एक अर्ध्या मिनिटाचे चलच्चित्र तयार केले. त्याविषयी चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. हे चलच्चित्र ज्या पद्धतीने केले तिला सर्वत्र ‘स्टॉप मोशन’ असे म्हणतात. एखादी निर्जीव वस्तू कॅमेऱ्यापुढे ठेवावयाची, तिचे एक छायाचित्र घ्यावयाचे, तिला केसभर पुढे सरकवावयाचे, पुन्हा छायाचित्र घ्यावयाचे. आणि अशी शेकडो छायाचित्रे एकामागून एक वेगाने दाखवावयाची, की ती वस्तू आपण होऊन चालू लागल्याचा भास होतो. एवढेच या पद्धतीचे सार आहे.

हा भास का होतो, हे मुले विचारतातच. डोळ्याच्या पडद्यावर प्रतिमा क्षणभर रेंगाळते, असे कारण पूर्वी सर्रास दिले जात असे. परंतु थोडथोड्या फरकाची चित्रे लागोपाठ दिसली म्हणजे आपला मेंदूच त्यांच्यामधील तुटक जागा भरून काढून गतीचा अनुभव घेतो, असे आज मानले जाते. मुलांना हे समजावून देण्यास यंत्राची आवश्यकता नाही. पुठ्ठ्याच्या चकतीच्या एका बाजूस पक्षी आणि दुसऱ्या बाजूस पिंजरा काढावा, दोन्ही कडांना दोरा बांधून ती गरगर फिरवावी. पक्षी पिंजऱ्यात जाऊन बसतो. जुन्या वहीच्या कोपऱ्यावर पानागणिक चेंडूचे चित्र थोडे थोडे वर सरकवत काढले आणि पाने भरभर सोडली, तर चेंडू उडू लागतो. ज्या शाळेत मोबाइल वापरणे शक्य नसेल, तेथे ही वहीसुद्धा पुरेशी आहे.

ही कला परदेशातून आलेले नवे खूळ आहे, अशी आपणांपैकी काहींची समजूत असण्याचा संभव आहे. म्हणून एका महाराष्ट्रीय माणसाचे उदाहरण देतो. त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, १९१२ मध्ये लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन परत आले. चित्रपट काढण्यास भांडवल नव्हते आणि या धंद्यावर विश्वास ठेवावयास कोणी तयार नव्हते. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या अंतराने चित्रे घेतली. बी रुजते, अंकुर वर येतो, वेल वाढतो, हे सारे पडद्यावर सुमारे मिनिटभरात दिसू लागले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या छोट्या चित्रपटाने पाहणाऱ्यांची खात्री पटली, कर्ज उभे राहिले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पुढे १९१५ च्या सुमारास फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हाही चित्रपट केला. त्यात आगपेटीतील काड्या आपोआप हलून निरनिराळ्या आकृती करीत. आपल्या चित्रपटाचा पाया ज्या प्रयोगाने घातला गेला, तो प्रयोग म्हणजे निसर्ग-अभ्यासाचा एक पाठच होता, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरे उदाहरण नॉर्मन मॅक्लारेन यांचे. हे गृहस्थ मूळचे स्कॉटलंडचे. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळात त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९४९ मध्ये युनेस्कोच्या वतीने ते चीनमध्ये गेले आणि खेड्यापाड्यांतील आरोग्यशिक्षणासाठी साधी चित्रे व चलच्चित्रे कशी करावीत हे त्यांनी तेथील चित्रकारांना शिकविले. नंतर अशाच कामासाठी ते भारतातही येऊन गेले. चलच्चित्रातील खरे महत्त्व चित्राला नसून एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत काय घडते याला आहे, अशी त्यांची दृष्टी होती. आमच्या शाळेतील अनुभव सांगताना मला या विचाराचा फार उपयोग होतो. पडद्यावर जे दिसते ते ३० सेकंदांत संपते. पण दोन छायाचित्रांच्या मध्ये मुलांनी जे पाहिले, मोजले आणि जे वाद घातले, तेच त्यांचे शिक्षण.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुले चाकांचे लाकडी बैल सजवून मिरवतात, हे मी आपणांस सांगावयास नको. तोच बैल आमचा नायक झाला. प्रथम मुलांनी काळ्या मातीचा बैल केला होता. परंतु आपली माती वाळली म्हणजे उन्हाळ्यातील शेताप्रमाणे भेगाळते, आणि दुसऱ्या दिवशी बैलाचे पाय सुटू लागले. मग लाकडी बैल आला आणि मुलांनी ज्वारीच्या धांड्यांची गाडी करून त्यास जोडली. कथा अगदी लहान ठेवली : बैल गाडी घेऊन निघतो, वाटेत सरकीचा कोवळा अंकुर दिसतो, बैल थांबतो आणि वळसा घालून पुढे जातो. संवाद नाहीत, गाणे नाही.

टेबलाची रुंदी १२० सेंटिमीटर. बैलाने ते ८ सेकंदांत ओलांडावे असे ठरले. सेकंदाला १० चित्रे धरली, म्हणजे ८० चित्रे. तेव्हा प्रत्येक चित्रासाठी बैल किती सरकवावयाचा? दशांश अपूर्णांकाचा हा प्रश्न मी फळ्यावर दिला असता तर चार हात वर झाले असते. येथे तो सर्वांच्या गरजेचा झाला आणि दीड सेंटिमीटरच्या खुणा मुलांनीच खडूने टेबलावर केल्या. पहिल्या वेळी चित्र पाहिले तेव्हा एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, हा बैल नाही, मोटार आहे. आमचा बैल एकदम असा धावत नाही.” मग चार मुले दोन दिवस रस्त्यावरच्या गाड्या पाहत राहिली. बैल आधी जोर लावतो, गाडी हळू हलते, नंतर चाल लागते, आणि थांबतानाही तो हळूहळूच थांबतो. त्याप्रमाणे आरंभी अर्धा सेंटिमीटर, मग एक, मग दीड, असे अंतर वाढवीत नेले आणि शेवटास तसेच कमी केले. ‘गती वाढते’ या शब्दांचा अर्थ मुलांच्या बोटांना कळला तो येथे.

अंकुराचे काम याहून कठीण होते. कुंडीत सरकी पेरली आणि मातीला भेग दिसू लागताच चित्रे घेण्यास आरंभ केला. शाळेचे ७ दिवस, रोज ६ चित्रे, एकूण ४२. पडद्यावर हे चार सेकंदांत सरते. सरकीचा अंकुर ताठ वर येत नाही. तो मान वाकवून माती उचलतो, आणि बाहेर आल्यावर मान सरळ करून दोन दळे उघडतो. कापूस पिकविणाऱ्या घरांतील ही मुले. पेरणी त्यांनी जन्मापासून पाहिलेली. तरीही अंकुराची ही वाकलेली मान त्यांना चित्रांतून प्रथम दिसली.

त्याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. चित्रे जोडून पाहिली तेव्हा अंकुर दर सहा चित्रांनंतर एकदम उडी मारी. मुलांना हा दोष वाटला. कुंडी कोणी हलविली का, अशी चौकशी झाली. अखेर चौथीच्या एका मुलीने उलगडा केला : जेथे उडी आहे तेथे मध्ये रात्र आहे. शाळा बंद असते, झाड मात्र बंद नसते. मग झाड रात्री अधिक वाढते की दिवसा, हा वाद निघाला. सकाळी साडेदहाला आणि सायंकाळी पाचला पट्टीने उंची मोजण्यात आली. शाळेचे तास साडेसहा आणि उरलेले साडेसतरा, तेव्हा नुसती वाढ ताडून चालणार नाही, तिला तासांनी भागले पाहिजे, हेही त्यांच्याच बोलण्यातून निघाले. विज्ञानाचा प्रश्न असा आपोआप उभा राहिलेला पाहणे हे शिक्षकाचे भाग्य होय. आम्ही ती उडी चित्रात तशीच ठेवली.

आता थोडे आपल्या मुलांविषयी. आपल्या तालुक्यात तांड्यांवरील बंजारा मुले मोठ्या संख्येने शाळेत येतात. घरची बोली गोरमाटी आणि शाळेची भाषा मराठी, त्यामुळे पहिली काही वर्षे त्यांतील कित्येक मुले वर्गात मौन धरून बसतात आणि आपण त्यांना मंद समजून पुढे जातो. आमच्या वर्गात अशी एक मुलगी होती. बैल वळवावयाचा प्रसंग आला तेव्हा मुले त्यास एकदम काटकोनात वळवीत. ही मुलगी पुढे आली, काही न बोलता तिने बैल अगदी थोडा तिरपा केला, मग गाडी सरकविली, पुन्हा बैल तिरपा केला. जनावर आधी वळते आणि गाडी मागून वळते, हे तिला ठाऊक होते. तेव्हापासून बैल तिच्या हाती राहिला. इतर मुले तिला विचारू लागली, ती गोरमाटीत सांगू लागली, आणि तांड्यावरचाच दुसरा मुलगा ते मराठीत सांगू लागला. महिनाभराने दुभाष्याची गरज उरली नाही. चलच्चित्रामुळे तिला भाषा आली असे मी म्हणत नाही. बोलावयास काही कारण मिळाले, एवढेच म्हणतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास अशी अनेक कुटुंबे ऊसतोडीस जातात व मुलेही त्यांच्याबरोबर जातात. यास्तव आरंभापासूनच आम्ही नियम केला की पोळ्याला सुरू केलेले काम दसऱ्याच्या आत संपलेच पाहिजे. अर्धवट काम मागे ठेवून कोणाही मुलास जावे लागू नये. चित्र पुरे झाल्यावर ते तांड्यावर नेऊन दाखविले. त्यानंतर आठवड्याने ती मुलगी आईबापांबरोबर गेली. चलच्चित्राने स्थलांतर थांबत नाही. त्यासाठी हंगामी वसतिगृह हवे, पालकांच्या भेटी हव्यात, आणि ते काम आपले आहेच. परंतु जे मूल ‘शाळेत माझे काही काम होते’ अशी जाणीव घेऊन जाते, त्याला परत आणणे सोपे जाते, अशी माझी श्रद्धा आहे.

वाचन-लेखनच धड नाही, तेथे हा खेळ कशास, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप रास्त आहे आणि त्याचा विचार केला पाहिजे. आम्ही आठवड्यास तीन तासिकांहून अधिक वेळ दिला नाही. शिवाय कथेच्या पाट्या लिहिणे, प्रत्येक दिवशी किती चित्रे झाली याची नोंद ठेवणे, उद्याचे काम लिहून ठेवणे, ही सर्व लेखनाचीच कामे होती. नोंद चुकली की दुसऱ्या दिवशी काम अडे. त्यामुळे मुले नोंद वाचीत.

यापेक्षा मोठी भीती मला दुसरीच वाटते. अशा गोष्टींची प्रदर्शने आणि स्पर्धा सुरू झाल्या की शिक्षकाचा हात शिवशिवू लागतो. बैल वेडावाकडा चालतो तो आपण नीट करतो, रात्री घरी बसून संगीत घालतो, आणि चित्र सुबक होते; पण ते आपले होते, मुलांचे राहत नाही. आमच्या चित्रात दोन ठिकाणी मुलाचा हात दिसतो आणि एकदा ढग आल्याने सारे अंधारते. ते मी काढले नाही.

ज्यांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांच्यासाठी काही सूचना :

१. मोबाइल हातात धरू नये. विटांची चळत करून त्यात तो घट्ट बसवावा आणि विटांच्या व टेबलाच्या जागा खडूने आखून ठेवाव्यात, म्हणजे मोबाइल काढून पुन्हा ठेवता येतो.

२. खिडकीचा उजेड सतत बदलतो व चित्र लुकलुकते. शक्य तर खिडकी झाकून एकाच दिव्याच्या उजेडात काम करावे. वीज जाण्याची वेळ ठाऊक असल्यास ती टाळावी.

३. चित्रे जोडण्याची ॲप्स विनामूल्य मिळतात. पहिल्या दिवशी १० चित्रेच घ्यावीत आणि ती लगेच दाखवावीत. आपली वस्तू हललेली पाहिल्याशिवाय मुलांचा धीर टिकत नाही.

४. एकाने वस्तू हलवावी, एकाने बटण दाबावे, एकाने मोजावे, एकाने लिहावे, आणि ही कामे आळीपाळीने द्यावीत. बटण सदैव हुशार मुलाकडेच राहणार नाही याकडे लक्ष असावे.

५. चित्र गावात दाखवावे, आणि ते कसे केले हे मुलांनी सांगावे.

मुलांच्या हाती आज पडद्यावरची चित्रे अहोरात्र येतात आणि ती पाहताना मूल केवळ प्रेक्षक असते. ज्याने ३०० चित्रांसाठी ३०० वेळा बैल सरकविला, त्याला पडद्यावरची प्रत्येक हालचाल कोणीतरी केलेली असते, हे कळून चुकते. एवढी समज चौथीतून बाहेर पडणाऱ्या मुलास यावी, यासाठी तीन तासिका मला जास्त वाटत नाहीत. आपण आपल्या शाळेत हा प्रयोग अवश्य करून पाहावा आणि त्यात जे आढळेल ते केंद्राच्या सभेत सांगावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.