पाठिंबा आणि जात



मार्च 1920 मध्ये आपल्या कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे शाहू महाराजांनी बाबासाहेबांस तुमचे पुढारी म्हणून जाहीर मान्यता दिली. राजा मराठा, पुढारी महार. जातभाईपणाचा संशय घेण्यास तेथे जागाच नव्हती.

2008 साली अमेरिकेत कृष्णवर्णीय सेनानी कॉलिन पॉवेल यांनी स्वपक्षाचा उमेदवार सोडून ओबामांना पाठिंबा दिला, तेव्हा मात्र तो केवळ वर्णापोटी दिला, असा आरोप झाला. तसे असते तर मी महिनोन्‌महिने आधीच दिला असता, असे पॉवेल म्हणाले. गोऱ्याने गोऱ्यास पाठिंबा दिला की तो विचार ठरतो!

आपल्या माणसास मत का दिलेत, असे गावच्या चावडीवर तुम्हांलाही विचारतील. त्याचे काम सांगा. आणि तोच प्रश्न विचारणारासही विचारा.