टोरांटोचा सालमिंग



1976 सालचा सप्टेंबर महिना. टोरांटो शहरातलं मेपल लीफ गार्डन्स हे आईस हॉकीचं बंदिस्त मैदान खच्चून भरलेलं. कॅनडा कप स्पर्धेत यजमान कॅनडाची गाठ स्वीडनशी होती. सामन्याआधी एकेका खेळाडूचं नाव पुकारलं जात होतं. स्वीडनच्या संघातलं बोर्ये सालमिंग हे नाव आलं आणि सगळं मैदान उभं राहिलं. टाळ्या थांबता थांबेनात. समोर आपल्याच देशाविरुद्ध खेळायला उतरलेला माणूस होता, हे त्या हजारो कॅनडावासीयांना चांगलं ठाऊक होतं. सामना कॅनडाने 4-0 असा जिंकला. पण लोकांच्या आठवणीत राहिल्या त्या टाळ्या, आणि त्या सालमिंगने तीन वर्षं अंगावर मार झेलून कमावल्या होत्या.

सालमिंगचा जन्म 17 एप्रिल 1951चा, स्वीडनच्या अगदी उत्तरेकडच्या किरुना भागातला. हा मुलूख आर्क्टिक वर्तुळाच्याही पलीकडे. ऐन हिवाळ्यात तिथे काही आठवडे सूर्य उगवतच नाही. किरुना जगतं ते लोखंडाच्या खाणीवर. वडिलांकडचं घराणं रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांचं. वडील मात्र खाणीत कामाला होते. बोर्ये अवघा पाच वर्षांचा असताना खाणीतल्या अपघातात ते गेले. थोरला भाऊ स्टिग हॉकी खेळायचा. पुढे दोघेही भाऊ येव्ले शहरातल्या ब्रिनेस क्लबकडून खेळले आणि 1971 व 1972 साली ब्रिनेसने स्वीडनचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा बोर्ये संघात होता.

आईस हॉकीत एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण बर्फावर असतात. एक गोलकीपर, तीन आक्रमक आणि दोन बचावपटू. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. वजन साधारण 170 ग्रॅम, आणि जोरात मारली की वेग सहज ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जातो. बचावपटूने प्रतिस्पर्ध्याला अडवायचं, पक हिसकावून घ्यायचा आणि पुढच्या सहकाऱ्याकडे अचूक धाडायचा. सालमिंग याहून एक पाऊल पुढे जाई. समोरच्याने फटका मारायला काठी उचलली, की हा बर्फावर आडवा पडून स्वतःचं शरीरच पकच्या वाटेत घालायचा. क्रिकेटमध्ये हेल्मेटशिवाय फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभं राहायला जी छाती लागते, तीच इथेही हवी. सालमिंगने ती रोजच्या कामासारखी वापरली.

टोरांटो मेपल लीफ्स या क्लबचे जेरी मॅकनमारा स्वीडनला आले होते ते खरं म्हणजे एका गोलकीपरला पाहायला. नजर ठरली ती सालमिंगवर. 1973 साली तो आणि त्याचा सोबती इंगे हामरस्ट्रॉम असे दोघेही टोरांटोत दाखल झाले. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, तेव्हा युरोपात घडलेले खेळाडू जवळजवळ नव्हतेच. स्वीडिश पोरं नाजूक, धक्का लागला की मागे सरतात, असा पक्का समज होता. त्यांना भित्रे म्हणून डिवचलं जायचं. काठीचे फटके, कोपरं, ठोसे, सगळं रोजचंच. फिलाडेल्फिया फ्लायर्सचा संघ तर मारामारीसाठी कुप्रसिद्ध होता, आणि 1974 व 1975 सालचं लीगचं विजेतेपद, म्हणजे स्टॅन्ली कपही, त्यांनीच जिंकला.

1976च्या एप्रिलमध्ये याच फिलाडेल्फियाविरुद्धच्या बाद फेरीत मेल ब्रिजमन या खेळाडूने सालमिंगला बर्फावरच बेदम ठोकलं. प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की ऑन्टारिओ प्रांताचे महाधिवक्ता रॉय मॅकमर्ट्री यांनी फिलाडेल्फियाच्या खेळाडूंवर फौजदारी गुन्हे दाखल केले. आणि सालमिंग? पुढच्याच सामन्यात तो उतरला, बचावफळीतून पक घेऊन सुसाट निघाला आणि गोल करून आला. मार खाऊन सूड उगवणं त्याला जमलं नसतं असं नाही, पण त्याने खेळातून दिलेलं हे उत्तर मला जास्त मोलाचं वाटतं. त्यानंतर पाच महिन्यांतच त्या टाळ्या पडल्या.

1986च्या नोव्हेंबरमध्ये डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्यात गोलपुढच्या झटापटीत तो खाली पडला आणि एका खेळाडूच्या स्केटचं पातं त्याच्या चेहऱ्यावरून फिरलं. भुवईच्या वरपासून तोंडापर्यंत चेहरा फाटला. दोनशेहून अधिक टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. तरी तो परतला आणि 1989पर्यंत टोरांटोकडूनच खेळत राहिला. मग एक मोसम डेट्रॉइट, आणि त्यानंतर स्टॉकहोमचा एआयके क्लब. 1992च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकमध्ये स्वीडनकडून खेळला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. एनएचएलमधले त्याचे सामने 1148. स्टॅन्ली कप मात्र त्याला कधीच मिळाला नाही. 1996 साली हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. हा मान मिळवणारा तो पहिला स्वीडिश खेळाडू.

2022च्या ऑगस्टमध्ये त्याला एएलएस झाल्याचं जाहीर झालं. स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी या आजारात एकेक करून निकामी होत जातात. नोव्हेंबरमध्ये टोरांटोने त्याला सन्मानाने बोलावलं, तोवर त्याची वाचा गेली होती. हातही उचलता येत नव्हता. जुना कर्णधार डॅरिल सिटलर शेजारी उभा होता. त्याने सालमिंगचा हात धरून वर केला आणि स्वतः ढसाढसा रडला. व्हँकुव्हरविरुद्धच्या सामन्यात तर टोरांटोने सुरुवातीला सहाच्या सहा स्वीडिश खेळाडू उतरवले. ज्या देशाच्या पोरांना कधी भित्रं म्हटलं गेलं, त्याच देशाची ती सहा पोरं होती! 24 नोव्हेंबर 2022 रोजी सालमिंग गेला. वय 71.

सहकाऱ्याने केलेल्या गोलआधी त्याच्यापर्यंत पक पोचवण्याला असिस्ट म्हणतात. टोरांटोसारख्या शंभर वर्षांहून जुन्या क्लबसाठी सर्वाधिक असिस्ट, म्हणजे 620, आजही सालमिंगच्या नावावर आहेत. एवढे आक्रमक आले आणि गेले, पण हा विक्रम एका बचावपटूकडे आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.