मोडीत निघालेली मोटार घ्यावी काय?



ज्या व्यासपीठावर नाटकाची आणि राज्यघटनेची चर्चा होते, तिथे मी आज मोडक्या मोटारीवर बोलणार, म्हणजे श्रीखंडाच्या पंगतीत झुणका वाढण्यासारखे आहे. पण झुणक्यावर ज्यांचे दिवस जातात अशा चालकांतच माझे आयुष्य गेले. शाळा लवकर सुटली. विम्याची कलमे आणि मोटार कायदा मी सभासदांचे दावे चालवता चालवता शिकलो. आपल्यापैकी पुष्कळांवर घरासाठी किंवा धंद्यासाठी जुनी गाडी घेण्याचा प्रसंग येतो. बाजारभावापेक्षा लाखभराने स्वस्त गाडी दिसते, रंग झळकत असतो आणि विकणारा म्हणतो, "साहेब, किरकोळ ठोकर होती." ही किरकोळ ठोकर म्हणजे काय, ते आधी पाहू.

गाडीचा पूर्ण विमा असला म्हणजे विमापत्रात तिची एक किंमत घोषित केलेली असते. अपघातानंतर किंवा पुरानंतर दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक निघाला, की गाडी पूर्ण नुकसानीत धरण्याची आपल्याकडे रीत आहे. समजा, घोषित किंमत चार लाख आणि दुरुस्तीचा अंदाज सव्वातीन लाख. मालकाला भरपाई मिळते आणि सांगाडा लिलावात जातो. तो कोणी ऐंशी हजारांना उचलतो, लाखभर रुपयांत उभा करतो आणि पावणेतीन लाखांना विकायला काढतो. माझा साधा प्रश्न असा, की उरलेले सव्वादोन लाखांचे काम गेले कुठे? मजुरीत आणि जुन्या सुट्या भागांत काही खरोखर वाचले असेल. बाकीचे काम झालेलेच नाही. ते रंगाखाली तसेच पडून आहे, आणि ते विकत घेणारे आपण आहोत.

न झालेले काम कोणते असते? धडक बसताच चालकापुढे फुगणारी हवेची पिशवी महाग असते. एकदा फुगली की ती नवीच बसवावी लागते. लबाड कारागीर तिथे नुसते झाकण बसवतो आणि इशाऱ्याच्या दिव्याची तार तोडतो. म्हणून किल्ली फिरवल्यावर तो दिवा क्षणभर लागून विझतो की नाही, ते पाहावे. मुळीच लागला नाही तर सावध व्हावे. दुसरे असे, की आजच्या बहुतेक लहान मोटारींना खाली वेगळी चेसी नसते. पत्र्याचा सबंध देहच भार पेलतो. त्याचा पुढचा आणि मागचा भाग चुरगळून धक्का सोसेल, असा मुद्दाम घडवलेला असतो. त्यातले कठीण पोलाद तापवून ठोकले तर दिसायला सरळ होते, ताकद मात्र उतरते. दुसऱ्या धडकेत ते कसे वागेल, हे कोणताही मिस्त्री छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

बुडालेली गाडी याहून फसवी. 'पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल' ही म्हण जणू तिच्यासाठीच झाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाडीच्या गाद्या वाळतात. तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा मात्र महिनोन्महिने गंज चढवीत राहतो. आमच्या एका सभासदाने बायकोचे दागिने मोडून अशीच एक गाडी घेतली. पहिल्याच पावसाळ्यात तिचे दिवे, मग इंजिन, कधीही बंद पडू लागले. गाडी गॅरेजात उभी राहिली. कर्जाचा हप्ता काही उभा राहिला नाही. तेव्हा बसण्याचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ आहे का ते पाहा. गालिचा उचला, जादा चाकाच्या खळग्यात गाळ शोधा.

त्याच २००५ सालच्या ऑगस्टअखेर अमेरिकेत कत्रिना वादळाने न्यू ऑर्लीन्स शहर बुडवले. तिकडे मोटारीच्या मालकीपत्रावरच 'सॅल्व्हेज', म्हणजे मोडीत निघालेली, असा शेरा मारतात. दुरुस्ती आणि तपासणी झाली की तिला पुन्हा बांधलेली म्हणतात. पूर्वेतिहास पुसत नाहीत. तरीही लबाडांनी एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन कोरी कागदपत्रे मिळवलीच. त्यावर उपाय म्हणून १९९२ च्या कायद्याने राष्ट्रीय नोंदवही ठरली, आणि २००९ पासून विमा कंपन्यांना व भंगारवाल्यांना तीत माहिती देणे भाग पडले.

आपल्याकडे काय आहे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम सांगते, की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे. पण जी दुरुस्त होऊ शकते ती कायमची निकामी कशी, असे म्हणून ही गाडी फटीतून निसटते. नोंदणीपत्रावर तिची ठळक खूण नसते. म्हणून मागील विमापत्रे मागा. गाडीचा पूर्ण विमा असेल आणि दावा केला नसेल, तर दरसाल सवलत चढत जाते: २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत. मालक म्हणतो पाच वर्षांत ओरखडा नाही, आणि सवलत शून्य. मग ही सवलत गेली कुठे, असे विचारायला लाजू नका. गाडी नावावर लगेच करून घ्या, आणि विकणाऱ्यानेही ती नावावरून उतरवल्याशिवाय स्वस्थ बसू नये; कारण अपघात झाला तर नोंदणीतला मालकच जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

मग अशी गाडी कधीच घेऊ नये काय? असे मी म्हणत नाही. नुकसान वरच्या पत्र्याचेच होते, अपघातानंतरची छायाचित्रे आणि सर्व्हेअरचा अहवाल समोर ठेवला आहे, आपल्या ओळखीच्या मिस्त्रीने गाडी वर उचलून खालून पाहिली आहे, पूर्ण विमा द्यायला कंपनी तयार आहे आणि किंमत या सगळ्याला साजेशी उतरली आहे, तर व्यवहार करावा. यातले एकही नसेल तर इसार देऊ नये. बुडालेली गाडी आणि सांगाडा वाकलेली गाडी भाड्याच्या धंद्यासाठी तर मुळीच घेऊ नये. तिथे पणाला आपले पैसे नसतात, मागे बसलेल्या उतारूचा जीव असतो, आणि त्याला गाडीचा इतिहास कोणी विचारू देत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या बाजारात ती मूठ विकणाऱ्याची आणि सव्वा लाख आपले. एकेकट्या गिऱ्हाइकाने किती गालिचे उचलायचे? पूर्ण नुकसानीची भरपाई दिलेल्या प्रत्येक गाडीच्या नोंदणीपत्रावर तसा शेरा असावा, आणि नंबर सांगताच तो कोणालाही दिसावा, एवढी मागणी आपण नागरिक म्हणून मिळून केली पाहिजे. विमा कंपनीच्या दप्तरात ही माहिती आजही असते. ती खरेदीदाराच्या हाती यायला यंत्र लागत नाही, रेटा लागतो. आणि रेटा एकट्याने लावता येत नाही, हे कामगार चळवळीत शिकलेले मी आपल्यापुढे ठेवतो.